खालच्या फळीचे उंदीर

एकोणीस नंबरच्या उंदरानं डावा पंजा पुढं केला आणि कारभारीच्या बोटांतला बाजरीचा दाणा उचलून घेतला. तोंडाशी नेला, दोन्ही पंज्यांत धरून कुरतडायला लागला. कारभारी फरशीवर मांडी घालून बसला होता, तो तसाच बसून राहिला. मग त्यानं दुसरा दाणा धरला आणि या वेळी उंदराचा उजवा पंजा आपल्या बोटाखाली जरा जास्तच दाबून ठेवला. पुन्हा डावाच, इतके दिवस लुळा असलेला, आला. थरथरत, आधी थोडा बाजूला चुकून, पण आला. कॉलेजच्या मागच्या अंगाला असलेल्या त्या बैठ्या खोलीत चोवीस पिंजरे होते आणि गेल्या महिन्याभरात त्यांतल्या बारा उंदरांचे लुळे पंजे असे परत आले होते. त्याचं आता कारभारीला नवल राहिलं नव्हतं. पण ते बारा खालच्या फळीवरचे होते, लाल चिठ्ठीच्या बाटलीचे. एकोणीस नंबर वरच्या फळीवरचा. त्याच्या पिंजऱ्याला निळी चिठ्ठी होती, सव्वीस दिवस त्याला निळ्याच बाटलीतलं टोचलं गेलं होतं, आणि निळ्या बाटलीत नुसतं मिठाचं पाणी आहे हे तोवर सगळ्यांना कळल्यासारखंच होतं. कारभारीनं चिठ्ठी पुन्हा एकदा वाचली. मग स्वतःच्या बोटांकडं बघितलं. बोटांना बाजरीचं पीठ लागलं होतं.

सतरा वर्षं तो या खोलीत कामाला होता. लागला तेव्हा मुलाखतीत एकच प्रश्न विचारला होता, जनावरांची सवय आहे का. तो व्हय म्हणाला होता आणि त्याच्या डोळ्यांपुढं मेंढरं होती. पांढरे उंदीर त्यानं त्या दिवशी पहिल्यांदा बघितले. औषधशास्त्राचं कॉलेज, पोरं-पोरी यायची, उंदरांना काहीबाही टोचायची, वह्या भरायची, पदवी घेऊन जायची. कारभारी पिंजरे धुवायचा, भुसा बदलायचा, पाण्याच्या बाटल्या भरायचा. बाहेर शहरात चौथ्या दिवशी नळ येत होता, मुकुंदवाडीत टँकरमागं भांडणं होत होती, धरणाचा तळ दिसायला लागल्याचे फोटो पेपरात होते. इथं मात्र चोवीस उंदरांना गाळलेलं पाणी रोज ताजं लागायचं. बाटल्या भरताना एखादा थेंबही फरशीवर सांडला की कारभारीला उगीच अपराध्यासारखं व्हायचं. हे उंदीर प्रांजलीचे होते. प्रांजली वैजापूरकडची, कांद्याच्या बागायतदार घरातली, पीएच.डी. करत होती. पहिल्याच महिन्यात बोलता बोलता निघालं होतं की तिच्या आजोबांच्या, काकासाहेबांच्या रानात कारभारीच्या बापाची मेंढरं खतासाठी बसायची. काकासाहेब कारभारीच्या बापाला ‘ए धनगरा’ अशी हाक मारायचे, हे त्याला आठवत होतं. प्रांजली त्याला मामा म्हणायची. तिनंच त्याला सगळं समजावून सांगितलं होतं. उंदराच्या मानेतल्या नसेतून बारीक धागा आत सारायचा, मेंदूकडं जाणारं रक्त तासभर अडवायचं, मग धागा काढून घ्यायचा. माणसाला गुठळी अडकून लकवा होतो तसाच लकवा उंदराला होतो. एका बाजूचा पंजा लोंबतो. त्यानंतर रोज वाढीच्या हार्मोनचं इंजेक्शन. हे हार्मोन लेकराचं अंग वाढवतं. जखमी मेंदूत ते नव्या पेशी उगवायला लावतं का, मेंदूतले तुटलेले तंतू पुन्हा जोडायला लावतं का, हे बघायचं होतं. बारा उंदरांना हार्मोन, बारांना मिठाचं पाणी. कुणाला काय, हे फक्त तिच्या सरांना, रामप्रसाद सरांना माहीत. प्रांजलीला फक्त लाल आणि निळी बाटली माहीत.

दाणे द्यायचं कुणी सांगितलं नव्हतं. उलट बाहेरचं काही खायला घालायचं नाही, असा नियम भिंतीवरच लिहिलेला होता. ऑपरेशननंतर तिसऱ्या दिवशी संध्याकाळी कारभारी खालच्या फळीपुढं टेकला होता. गुडघे दुखायचे म्हणून त्याला दिवसअखेरीला जमिनीवर बसायला बरं वाटायचं, आणि खाली बसलं की नजरेसमोर खालची फळीच यायची. चार नंबरचा उंदीर लुळा पंजा पोटाखाली घेऊन बसला होता. मेंढरांत वाढलेल्या माणसाला असलं जनावर नुसतं बघवत नाही. त्यानं त्याला हातात घेतलं, उजवा पंजा बोटाखाली धरला, खिशातला बाजरीचा दाणा पुढं केला. उंदीर धडपडला, तोंड पुढं केलं. कारभारीनं दाणा मागं घेतला. दहाव्या-बाराव्या दिवशी पंजा हलला. मग पाच नंबरचा, मग सहा नंबरचा, असे सगळेच. बारा उंदीर, एकेकाला चार-पाच मिनिटं, पाचला सुट्टी झाली तरी सहा-सव्वासहापर्यंत तो तिथंच असायचा. त्या तासात खोली शांत असायची. भुशाचा वास, नळ्यांना चाटणाऱ्या जिभांचा बारीक टकटकाट, आणि हातात कोमट, धडधडणारं काहीतरी. त्याला वाटायचं, औषध आपलं काम करतंय आणि आपण नुसता जिवाला विरंगुळा देतोय, जनावराला आणि स्वतःलाही. वरच्या फळीचे उंदीर तसेच लुळे राहिले, तेव्हाही त्याच्या मनात दुसरं काही आलं नाही. प्रांजलीनं काचेच्या नळकांड्यात एकेक उंदीर सोडून, भिंतीला कुठला पंजा किती वेळा टेकतो ते मोजलं आणि तिच्या चेहऱ्यावर उजेड आला. सरांनी हैदराबादच्या परिषदेला कळवूनही टाकलं होतं. याच्या मध्येच, एप्रिलात, एसी बंद पडला होता. वरच्या फळीला उकाडा जास्त, एकोणीस नंबर धापा टाकायला लागला, तेव्हा कारभारीनं त्याचा पिंजरा खाली फरशीवर घेतला आणि शेजारी ओलं पोतं टाकलं. एसी सुरू झाला, पण पिंजरा वर ठेवायचा राहून गेला. शेजारीच होता, म्हणून बारांचा तेरावा झाला. पंधरा दिवस त्यालाही दाणे मिळाले. आणि आज त्यानं पंजा पुढं केला होता.

त्यानं उंदीर पिंजऱ्यात ठेवला, फरशीवरची बाजरी टिपून खिशात घातली आणि दिवा मालवून बाहेर पडला. पंजे औषधानं नव्हे, दाण्यांनी परत आले असतील, हे फक्त आपल्याला माहीत आहे, असं त्याच्या लक्षात आलं तेव्हा तो जालना रोडवर शेअर रिक्षात तिघांमध्ये दाबून बसला होता. परवा अठ्ठावीस दिवस पुरे होणार होते. मग उंदरांना औषध देऊन निजवायचं, मेंदू काढायचे, पातळ चकत्या करून काचेवर घ्यायच्या. एकोणीस नंबरचा पंजा मग कुणीच बघणार नव्हतं. शेवटची मोजणी उद्या होती, पण एक उंदीर आपोआप सुधारला म्हणून कुणी काही म्हणत नाही. प्रांजलीच म्हणाली होती एकदा, थोडेफार तर आपोआपही सुधारतात. रिक्षा चिकलठाण्याच्या बाजूनं येणाऱ्या ट्रकांच्या रांगेत अडकली. रस्त्याच्या कडेला नव्या इमारतींचे सांगाडे उभे होते, त्यांच्या जाहिरातींवर निळेशार पोहण्याचे तलाव रंगवलेले होते. अशाच एका इमारतीवर त्याचा थोरला भाऊ खंडेराव अडीच वर्षं वॉचमन होता. आणि या रस्त्यानंच त्याला रिक्षात आडवा घालून नेलं होतं. ते आठवायचं नाही असं कारभारीनं ठरवून ठेवलं होतं, पण रिक्षा हलेना आणि आठवण थांबेना.

खंडेरावानं लग्न केलं नव्हतं. मेंढरं हाच त्याचा संसार. कारभारी दहावी शिकला तो खंडेरावाच्या मेंढरांवर. तीन वर्षांमागं दुष्काळात चारा-पाणी सरलं, तेव्हा कारभारीच गावाकडं गेला, बासष्ट मेंढरं वैजापूरच्या बाजारात उभी केली आणि भावाला शहरात घेऊन आला. त्यात चूक काय होती, हे त्याला आजही सांगता आलं नसतं. मेंढरं उभ्या उभ्या मेली असती. पण खंडेराव त्यानंतर रुसायला लागला. तीन-तीन दिवस बोलायचा नाही, भिंतीकडं तोंड करून पडायचा, मग आपणच उठून कामावर जायचा. मागच्या कार्तिकात एका शनिवारी त्यानं विषय काढला की पाच मेंढ्या घ्यायच्या, गावाकडं जायचं. कारभारी म्हणाला, पाऊस नाय, पाणी नाय, कुठं हिंडवतो? शब्दाला शब्द लागला. रविवारी सकाळी साडेपाचला खंडेराव उठला, परसाकडं जाऊन आला, तोंड धुतलं, पुन्हा आडवा झाला. हे कारभारीनं डोळ्यांनी पाहिलं होतं. सातला त्यानं दोन हाका मारल्या. खंडेराव भिंतीकडं तोंड करून होता. डोळे उघडे होते. रुसला, असं म्हणून कारभारी हंडे घेऊन टँकरला गेला. रत्नमाला, त्याची बायको, बहिणीकडं जालन्याला गेलेली. टँकर उशिरा आला, भांडणं झाली, तो परत आला तेव्हा साडेनऊ वाजले होते. खंडेराव तसाच पडून होता आणि उशी लाळेनं भिजली होती. दहाच्या सुमाराला दवाखान्यात पोचले. तरुण डॉक्टरनं विचारलं, हे किती वाजता झालं, शेवटचं नीट कधी पाहिलं होतं? आणि कारभारी म्हणाला, झोपेत झालं सायेब, रातच्याला जेवून निजला तो असाच. का म्हणाला? सातला डोळे उघडे दिसले आणि तरी सोडून गेला, हे त्या गोऱ्यागोमट्या पोराला कसं सांगायचं, म्हणून. लाज वाटली, एवढंच. डॉक्टरनं वेळ माहीत नाही असं लिहिलं आणि दुसरे उपचार सुरू केले. पुढं दोन महिन्यांनी खोलीत भुसा बदलता बदलता त्यानं ऐकलं, प्रांजली खालच्या वर्गाच्या पोरांना सांगत होती: गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, वेळ नक्की माहीत नसेल तर डॉक्टर देत नाहीत, रक्तस्राव होऊ शकतो. साडेपाच ते दहा. कारभारीनं हातातला भुसा पिंजऱ्यात टाकला, सारखा केला, पुन्हा सारखा केला. साडेपाच ते दहा, साडेचार तास. काठावर होतं. पण साडेपाचला तो चालताना दिसला होता, म्हणजे झालं ते त्यानंतरच. खरं सांगितलं असतं तर डॉक्टरांनी निदान विचार तरी केला असता. हे त्यानं कुणालाच सांगितलं नव्हतं. रत्नमालालाही नाही.

घरी दोन खोल्या. बाहेरच्या खोलीत खंडेरावाची खाट. उजवा हात आणि उजवा पाय गेलेला, वाचा अर्धवट. व्हय आणि नाय हे दोन शब्द तेवढे साफ उमटायचे, आणि तेही उलटेपालटे. चहा पाहिजे असताना नाय म्हणायचा आणि पेला नेला की चिडायचा. बाकी शब्द तोंडाशी येऊन अडायचे. त्याला अंघोळ घालणं, कूस बदलणं, भरवणं सगळं रत्नमालाच करायची. सुरुवातीला दवाखान्यातल्या बाईनं व्यायाम दाखवला होता, हाताला काम देत राहा म्हणाली होती. महिनाभर केलं, मग सुटलं. कारभारी सातला यायचा, भावाकडं बघून ‘काय दादा’ म्हणायचा आणि आत जायचा. खंडेरावाचे डोळे त्याच्यामागं दारापर्यंत यायचे. एकदा रत्नमाला भाकऱ्या थापताना, मान वर न करता म्हणाली होती, “तुमी त्यांच्यापुढं दहा मिंटं तरी बसत जावा. पाच वाजल्यापसून दाराकडं बघत राहत्यात.” कारभारी म्हणाला होता की कामावरून सुटायलाच सव्वासहा होतात. आज त्या वाक्याशी तो येऊन थबकला. चप्पल काढली, खाटेजवळ उभा राहिला. खंडेरावाचा उजवा हात छातीवर मुडपून पडला होता, बोटं आत वळलेली. बारा उंदीर, एकेकाला पाच मिनिटं, महिनाभर. तो हिशेब त्याला करायचा नव्हता, पण तो आपोआप झाला होता. त्या एका तासात उंदरांनी त्याच्याकडं कधी वर बघितलं नव्हतं, म्हणून तो तास सोपा होता. औषधाचा विचारही त्यानं कमी केला नव्हता. पंधरा दिवसांमागं त्यानं प्रांजलीला विचारलं होतं, हे माणसाला देत्यात का. तिनं नीट बसवून सांगितलं, अजून कुणाला ठाऊक नाही, उंदराचं माप माणसाला लागू नसतं, साखर वाढते, गाठी होतात. मामा, हे घेऊन जायचा विचारही करू नका. तिनं मनातलं ओळखलं म्हणून तो ओशाळला. तरी एका दुपारी फ्रिज उघडून लाल चिठ्ठीची बाटली मुठीत धरून तो उभा राहिला होता. फ्रिज टुंटुं वाजायला लागला, तेव्हा त्यानं ती परत ठेवली. त्या बाटलीवर त्याचा विश्वास बसला होता. आता तो विश्वास धरायचा तर एकोणीस नंबरबद्दल गप्प बसायला हवं होतं. गप्प बसणं त्याला येत होतं.

झोप लागली, पण पातळ. पहाटे त्याला वाटलं की सांगायची गरजच नाही. प्रांजलीची तीन वर्षं, तिचं हैदराबाद, आपलं कंत्राट, जूनमध्ये ते पुन्हा व्हायचं आहे. नियम मोडल्याचं आपणच कशाला सांगायचं? आणि मग तो डॉक्टर आठवला, पेन उघडून उत्तराची वाट बघणारा. प्रश्न अगदी साधा होता. तेव्हाही उत्तर फक्त आपल्यालाच माहीत होतं.

सकाळी प्रांजली आली तेव्हा तो खोलीच्या पायरीवर बसला होता. तिच्या हातात शेवटच्या मोजणीची वही होती. तो उभा राहिला आणि म्हणाला, “ताई, मोजायच्या आधी एक बघा.” आत नेऊन त्यानं एकोणीस नंबर बाहेर काढला, फरशीवर बसला, खिशातून दाणा काढला. उंदरानं डावा पंजा पुढं केला. प्रांजली आधी हसली, मग तिनं पिंजऱ्याची चिठ्ठी बघितली, आणि हसू तिथंच राहिलं. कारभारीनं सगळं सांगितलं. चार नंबरपासून सुरुवात, रोज किती वेळ, उजवा पंजा कसा धरायचा, एकोणीस खाली का आणला, वरच्या फळीला का नाही. बोलताना तो तिच्याकडं न बघता उंदराच्या पाठीकडं बघत होता.

“किती दिवस?” तिनं विचारलं.

“तिसऱ्या दिवसापसून. एकबी दिवस चुकला नाय. रविवारी बी येत होतो.”

“रविवारी पण.” ती भिंतीला टेकून खाली बसली, पार फरशीवर, पंजाबी ड्रेसला भुसा लागला तरी. बाहेर टँकर येऊन कॉलेजच्या टाकीत पाणी सोडायला लागला, त्याचा आवाज येत राहिला. मग ती म्हणाली, “मामा, तुम्ही बोलला नसता तर मला कधीच कळलं नसतं.”

“ते माहीत व्हतं मला,” कारभारी म्हणाला.

तिनं मग वहीचं कोरं पान काढलं आणि त्याला पुन्हा सुरुवातीपासून सांगायला लावलं. या वेळी ती लिहून घेत होती. किती दाणे, किती मिनिटं, कुठल्या क्रमानं. लिहिता लिहिता एकदा थांबली आणि स्वतःशीच म्हणाली की पिंजरे मिसळून ठेवायला हवे होते, एका फळीवर एकच औषध ठेवणं ही आपली चूक. तिचे डोळे भरून आले होते, पण अक्षर सरळ होतं. शेवटची मोजणी तिनं केलीच. आणि सरांकडं ती स्वतः गेली. कारभारीला दुपारी बोलावलं. रामप्रसाद सर ओरडले नाहीत. चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि विचारलं की भिंतीवरचा नियम वाचता येतो ना. येतो, कारभारी म्हणाला. मग कशाला केलं? कारभारीचा हात खिशातल्या बाजरीवर गेला. हैदराबादला पाठवलेलं मागं घ्यावं लागलं. कारभारीला उंदरांच्या खोलीतून काढून दोन महिने बागेत घातलं, तेही पाणी नसल्यानं वाळून गेलेल्या बागेत. दुसऱ्या दिवशी उंदीर निजवायचे होते तेव्हा मात्र प्रांजलीनं त्याला बोलावून घेतलं. परक्या हाताला ते बिचकतात, म्हणाली. त्यानं एकेक उंदीर काढून दिला, एकोणिसावाही. हात संध्याकाळपर्यंत कोमट वाटत राहिले. आठवड्यानं तिनं त्याला सूक्ष्मदर्शकातून एक चकती दाखवली. काळोखात हिरवट ठिपके. या नव्या पेशी आहेत, ती म्हणाली. कुणामुळं, ते आता सांगता येत नाही. तुमच्यामुळं, औषधामुळं, की दोन्हींमुळं. त्यासाठी नवे उंदीर, चार गट, आणि तुमचे ते दाणे आता माझ्या प्रबंधातल्या पद्धतीत लिहिले जाणार. सरांनी वर्ष वाढवून घेतलं होतं. ते चार गट पुढच्या हिवाळ्यात झाले. नुसत्या औषधानं थोडं, नुसत्या हातानं बरंच, दोन्ही मिळून त्याहून जरा जास्त, असं निघालं. त्या जरा जास्तवर प्रांजली पुढं पुष्कळ दिवस वाद घालत राहिली. पण ती नंतरची गोष्ट.

बागेतलं काम पाचला संपायचं आणि कारभारी पावणेसहाला घरी यायला लागला. पहिल्या दिवशी त्यानं खाटेशेजारी स्टूल ओढलं, खंडेरावाचा डावा हात आपल्या हातात धरला आणि पुढं ताटलीत शेंगदाणे ठेवले. खंडेरावानं शेंगदाण्यांकडं बघितलं, मग कारभारीकडं. डावा हात हिसकून घेतला आणि ताटली भिरकावली. शेंगदाणे खोलीभर झाले. आतून रत्नमाला आली, वेचायला लागली. कारभारीला त्याचा राग आला नाही. उंदराला विचारायचं नसतं, भावाला विचारायला हवं होतं. दुसऱ्या दिवशी तो ताटली न घेता बसला. तिसऱ्या दिवशीही. पंख्याच्या वाऱ्यात दोघे नुसते बसून राहायचे. मुकुंदवाडी स्टेशनवरून एखादी पॅसेंजर निघाली की खिडकीचे गज बारीक थरथरायचे. दहा मिनिटं फार मोठी असतात, हे त्याला त्या दिवसांत कळलं. भावाचं तोंड उजवीकडं ओघळलेलं, दाढीची खुंटं, पापण्यांच्या कडेला साचलेलं पाणी, हे सगळं सहा महिने आपण ओझरतं बघत आलो आणि बघितलं काहीच नाही. पाचव्या की सहाव्या दिवशी, रत्नमाला दळण आणायला गेली असताना, त्यानं बोलायला सुरुवात केली. आवाज घरात नेहमी असतो तसाच होता. त्या रविवारी सकाळी साडेपाचला तू उठलेला मी पाहिला होता, तो म्हणाला. सातला हाका मारल्या, तुझे डोळे उघडे होते, आणि मी पाण्याला गेलो. डाक्टरला सांगितलं की झोपेत झालं. ते खोटं होतं. खरं सांगितलं असतं तर कदाचित एक इंजेक्शन मिळालं असतं. हात वाचला असता का, ते माहीत नाय. पण मी खोटं बोललो.

“मला वाटलं तू रुसलास, दादा,” तो म्हणाला. “रुसलास म्हणून गेलो.”

खंडेराव त्याच्याकडं बघत होता. “नाय,” तो म्हणाला. लगेच त्यानं मान झटकली, डावी मूठ खाटेच्या लाकडावर आपटली. चुकीचा शब्द आला की तो असंच करायचा. तोंड मिटलं. पुन्हा उघडलं. घामाचा थेंब कानशिलावरून खाली आला. कारभारी मध्ये बोलला नाही, शब्द पुरवला नाही, दुसरीकडं बघितलं नाही.

“रु... सलो,” खंडेराव म्हणाला. मग बऱ्याच वेळानं, “व्हतो.”

सातला तो नुसता रुसला होता आणि वारं अंगावरून गेलं ते त्यानंतर. असं त्याला सांगायचं होतं का? की धाकट्या भावाच्या मनावरचं ओझं उतरावं म्हणून तो तसं म्हणाला? कारभारीला हे कळायचा काही मार्ग नव्हता, आणि त्यानं विचारलंही नाही. त्यानं फक्त मान हलवली. खंडेराव उशीला टेकून जरा वेळ दम खात राहिला. मग त्यानं आपला डावा हात, तो चांगला हात, उचलला, स्वतःच्याच मांडीखाली सारला, त्यावर नीट भार दिला, आणि उजव्या हाताकडं बघत बसला.